उपासनेच्या वेळी दारात पोलीस आले तर: लहान ख्रिस्ती मंडळ्यांनी आधीच करून ठेवायची तयारी

महाराष्ट्रातल्या लहान मंडळ्यांमध्ये हल्ली उपासना संपून चहाचे कप फिरू लागले की एकच विषय निघतो: पुढच्या रविवारी पोलीस आले तर काय करायचं? ही भीती उगाच आलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने धर्मांतरविरोधी कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैत महसूलमंत्र्यांनी विधानसभेत धुळे-नंदुरबार भागातल्या अनधिकृत चर्चवर सहा महिन्यांत चौकशी करून कारवाई करू असं सांगितलं. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड या शेजारच्या राज्यांत असे कायदे कधीपासूनचे आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती लोक एक टक्काही भरत नाहीत, आणि त्यातले कितीतरी जण पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कुणाच्या तरी पुढच्या खोलीत उपासनेला बसतात. धास्ती वाटणारच.

पण सरकारचा हात मंडळीपर्यंत पोचतो तो मोजक्या वाटांनी: पोलीस ठाणं, जागेचे कागद, ट्रस्टची नोंदणी, परदेशातून येणारा पैसा आणि जातीचा दाखला. या प्रत्येक वाटेवर शांतपणे, आधी करून ठेवता येईल असं काम आहे. पुढचं सगळं पंचवीस ते शंभर माणसांची मंडळी डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे, जिथे ऑफिस नाही, कारकून नाही आणि पाळकच सगळं बघतो.

एक सूचना आधीच. हे वाचाल त्या दिवशी राज्यात नेमका कोणता कायदा लागू आहे ते शासनाच्या राजपत्रात किंवा वकिलाकडून पाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या "नवीन कायदा आला" छापाच्या पीडीएफवर एकही निर्णय घेऊ नका.

रेघ कुठे आहे

राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे वैध ठरवले आणि म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे सुवार्ता सांगता येते. बळ, फसवणूक किंवा आमिष यांचा वापर केला की गुन्ह्याची हद्द सुरू होते. सगळ्या राज्यांचे कायदे याच तीन शब्दांभोवती फिरतात, आणि "आमिष" या शब्दाची व्याख्या काही राज्यांत इतकी रुंद आहे की मोफत शिक्षण आणि दैवी कृपेचं आश्वासनही त्यात बसवलं जातं.

स्वतःच्या घरात, भोंगा न लावता, प्रार्थना करायला आधी परवानगी काढावी असा सर्वसाधारण नियम महाराष्ट्रात नाही. कुणी "जमावबंदी आहे" म्हणालं तर आदेशाची प्रत मागा. पूर्वीचं १४४ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. दुसरा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतो. प्रतीवर तीन गोष्टी बघा: कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हद्दीत आणि सार्वजनिक जागेपुरता की कसा.

फाईल

एक जाड बॉक्स फाईल घ्या. त्यात जागेचा कागद सगळ्यात वर ठेवा. घर सभासदाचं असेल तर घरपट्टीची चालू वर्षाची पावती, सातबारा किंवा आठ-अचा उतारा आणि मालकाचं सहीचं संमतीपत्र: "माझ्या घरी दर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात प्रार्थना होते, ती माझ्या संमतीने होते." भाड्याची जागा असेल तर भाडेकरार, आणि करारात जागेचा वापर काय लिहिलाय ते वाचून बघा. "फक्त राहण्यासाठी" असं लिहिलं असेल तर घरमालकावर दबाव टाकून तुम्हाला बाहेर काढणं अगदी सोपं जातं. बहुतेक मंडळ्या पोलिसांपेक्षा घरमालकाच्या एका फोनने बंद पडतात.

त्याखाली ट्रस्टचे कागद, पाळकाचं ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र, वीजबिल, आणि दान घेत असाल तर पावतीपुस्तकाची स्थळप्रत.

हजेरीच्या वहीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथेच चांगल्या हेतूने मोठी चूक होते. अनेक पाळक वहीत नाव, गाव, जात, "पूर्वीचा धर्म", "बाप्तिस्मा झाला/नाही" असे रकाने आखतात. अशी वही पंचनाम्यात गेली की ती "धर्मांतराची यादी" म्हणून पुढे येते आणि त्यातल्या प्रत्येक घरी कुणीतरी चौकशीला जातं. धर्माचा आणि जातीचा रकाना ठेवू नका. वहीतली नोंद एवढीच पुरे:

"रविवार, दि. …, सकाळी १०.०५ ते ११.५०. उपस्थित ३८ (प्रौढ २९, पालकांसोबतची मुलं ९). वाचन: स्तोत्र २३. चालवणार: पाळक. ध्वनिक्षेपक नाही. दान रु. ६४०, पावती क्र. … पाहुणे २, स्वतःहून आले."

चार ओळींची नोंद, खाली दोघांच्या सह्या. वर्षभर न चुकता लिहिलेली अशी वही न्यायालयात बोलते. घटनेनंतर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही तुमच्याविरुद्ध बोलते. बाप्तिस्म्याची नोंदवही वेगळी, कुलपात.

फाईलची दुसरी प्रत मंडळीबाहेरच्या कुणाकडे तरी हवी. वकिलाकडे ठेवलेली सगळ्यात बरी.

सभेतच सांभाळायच्या गोष्टी

सगळ्यात जास्त तक्रारी बरं होण्यासाठीच्या प्रार्थनेवरून होतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, फसवणं, दहशत घालणं त्यात गुन्हा आहे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा ठरावीक आजारांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करू देत नाही. रोग्यासाठी प्रार्थना करणं वेगळं आणि "गोळ्या बंद करा, प्रभू बरं करील" म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य कधीही, कुणीही, साक्ष देणाऱ्यानेसुद्धा बोलू नये. ते कायद्याने अडचणीचं आहेच, त्याआधी ते माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. मधुमेहाची किंवा फिटची गोळी बंद करून माणूस दगावला तर त्याचा जबाब मंडळीलाच द्यावा लागेल, आणि द्यायलाच हवा. प्रार्थनेला बसलेल्या रुग्णाला "औषध चालू आहे ना?" हे विचारायची सवय लावा. भिंतीवरच्या पोस्टरवर "कॅन्सरपासून मुक्ती" असलं काही असेल तर आजच उतरवा.

धान्य, वह्या, कपडे वाटायचे असतील तर उपासनेच्या दिवशी, उपासनेच्या जागी वाटू नका. वेगळा दिवस ठेवा, गावातल्या सगळ्या गरजूंना द्या आणि यादीवर सरपंचाची किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घ्या. एकाच दारातून प्रार्थना आणि पोतं दोन्ही मिळालं की "आमिष" हा शब्द पुढे येतो.

अठरा वर्षांखालचं मूल पालकाशिवाय सभेत बसवू नका, शेजारचं ओळखीचं असलं तरी. शिबिराला नेताना आई आणि वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र हवं. दुसऱ्यांच्या देवांबद्दल, मूर्तींबद्दल एकही शब्द नको. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ अजामीनपात्र आहे आणि मोबाईल आता प्रत्येकाच्या हातात आहे.

भोंग्याचा नियम सोपा आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय लाऊडस्पीकर नाही, रात्री १० ते सकाळी ६ बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. पण खरं सांगायचं तर तीस माणसांच्या खोलीत माईक लागतच नाही. शेजाऱ्याची पहिली तक्रार धर्माची नसते, ती आवाजाची आणि दारापुढे लावलेल्या मोटरसायकलींची असते. ती वेळीच मिटवली नाही की दुसरी तक्रार वेगळ्या भाषेत लिहून येते. म्हणून बीट अंमलदार, पोलीस पाटील आणि दोन्ही बाजूंचे शेजारी यांची ओळख आधीच असू द्या. नाताळच्या फराळाचं ताट त्यांच्या घरी जाऊ द्या.

जमाव आला तर: पहिली पंधरा मिनिटं

तीन माणसं आधीच नेमून ठेवा, आणि त्यांत पाळक नको. त्याला घेरलं जाणार हे धरूनच चालायचं. एक जण दारावर, एक जण फोनवर, एक जण मोबाईलवर चित्रण करायला. चौथं काम मुलांना आणि म्हाताऱ्यांना आतल्या खोलीत नेण्याचं. ते बायका कुणी न सांगता करतात, पण दुसरं दार कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे त्यांना माहीत हवं.

११२ वर काय बोलायचं ते पाठ असू द्या: "आमच्या घरात बाहेरची वीस-पंचवीस माणसं घुसली आहेत, मारहाण चालू आहे, आत लहान मुलं आणि बायका आहेत. पत्ता असा, खूण अशी." बस. "ते आमच्यावर धर्मांतराचा आरोप करतायत" हे वाक्य या फोनवर बोलू नका. पहिल्या नोंदीत तोच शब्द गेला की येणारी गाडी हल्ला थांबवायला येण्याऐवजी तुमची चौकशी करायला येते. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा.

चित्रण करणाऱ्याने मागे, भिंतीला टेकून उभं राहावं आणि मोबाईल आडवा धरावा. आधी चेहरे, मग मोडतोड, मग बाहेर लावलेल्या गाड्यांचे नंबर. स्वतः बोलू नये. थेट प्रक्षेपण करू नये. त्याने आणखी माणसं जमतात, दोन्ही बाजूंची. हात उगारू नका, कितीही चीड आली तरी. एक थप्पड परत गेली की "दोन गटांत हाणामारी" अशी नोंद होते आणि दोन्हीकडच्यांवर गुन्हे दाखल होतात.

पोलीस आल्यावर

नम्रपणे बोला, बसायला खुर्ची द्या, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारून लिहून घ्या. मग एकच प्रश्न: "साहेब, आम्हाला कोणत्या कलमाखाली बोलावताय, नोटीस आहे का?"

नोटिसा तीन प्रकारच्या येतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदार म्हणून असते. तिच्यावरून पंधरा वर्षांखालच्या आणि साठीच्या वरच्या पुरुषांना, कोणत्याही स्त्रीला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे तुम्ही संशयित आहात, पण तूर्त अटक नाही. ती टाळलीत तर अटकेला कारण मिळतं, म्हणून वेळेवर हजर व्हा, वकिलाला घेऊन. कलम १६८ ची म्हणजे जुनी "१४९ ची नोटीस": गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ताकीद. ती घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. सही करताना "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं स्वतःच्या हाताने लिहा.

सगळ्यात जास्त नुकसान नोटिशीने होत नाही, ते होतं ठाण्यात संध्याकाळी सहा वाजता पुढे सरकवलेल्या एका साध्या कागदाने. "इथून पुढे प्रार्थना घेणार नाही, झालं ते चुकलं, एवढं लिहून द्या आणि घरी जा." थकलेला, घाबरलेला माणूस सही करतो. पुढच्या महिन्यात तोच माफीनामा कबुली म्हणून दाखवला जातो, आणि घरात चार माणसं जमली तरी लेखी हमी मोडली असं म्हटलं जातं. असा कागद लिहून द्यायला कोणताही कायदा तुम्हाला भाग पाडत नाही. काही लिहायचंच असेल तर: "मी शांतता राखीन, तपासात सहकार्य करीन, बोलावल्यावर हजर राहीन." यापुढे एक अक्षर नाही. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला तर त्यावर त्याची सही घ्यायची नसते. याच सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. जबाब वाचून दाखवायला मात्र सांगा. मराठीतच लिहायला सांगा.

झडती घेतली, पवित्र शास्त्राच्या प्रती, मोबाईल, दानपेटी जप्त केली तर पंचनामा होतो. पंच कोण, कुठले, ते लिहून घ्या. झडतीचं चित्रण करणं याच संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर बंधनकारक आहे. ते चालू आहे का, विचारा. वस्तूंची संख्या मोजून लिहायला लावा: "पुस्तके" नको, "पवित्र शास्त्र मराठी १२ प्रती, गीतपुस्तके २०". रोख रक्कम नोटांच्या तपशिलासह. मोबाईलचा आयएमईआय नंबर आधीच फाईलमध्ये असू द्या. ओळींमधली रिकामी जागा आडवी रेघ मारून बंद करायला सांगा, आणि जप्तीच्या यादीची प्रत घ्या, तो तुमचा हक्क आहे.

अटक झालीच तर चार गोष्टी. अटकेची कारणं लेखी आणि समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजेत. मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं, आणि तातडीच्या प्रसंगीही रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कारणं हातात यायला हवीत असं सांगितलं. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे. आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. वकील परवडत नसेल तर १५१०० वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आपली तक्रार, त्याच दिवशी

बहुतेक मंडळ्या इथेच कच्च्या पडतात. समोरच्याची तक्रार दुपारी दोन वाजता दाखल होते. आपली माणसं "क्षमा करावी की तक्रार करावी" यावर तीन दिवस चर्चा करतात. क्षमा मनात करा, पण तक्रार त्याच दिवशी द्या. उशीर का झाला हा बचाव पक्षाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो.

दुसरी चूक शब्दांची. "समाजकंटकांनी हल्ला करून आमच्या भावना दुखावल्या" अशा तक्रारीतून काही निघत नाही. प्रत्येक वाक्यात एक कृती हवी, कारण न्याय संहितेचं कलम त्या कृतीला लागतं:

"सकाळी १०.४० वाजता ३८ जण उपासना करत असताना" या एका वाक्याने कलम ३०० येतं, उपासनेत अडथळा. "लाठ्या घेऊन दार ढकलून घरात घुसले" याने कलम ३३३. "पवित्र शास्त्राची प्रत फाडून पायाखाली टाकली" याने कलम २९८. "पाचाहून जास्त जण होते, त्यांनी मिळून मारहाण केली" याने बेकायदा जमाव आणि दंगलीची १८९ व १९१. "एकाने माझ्या डाव्या कानाखाली मारलं" याने ११५(२). उपासनेच्या जागी धर्मावरून द्वेष पसरवणारी भाषा वापरली असेल तर ते शब्द जसेच्या तसे लिहा. कलम १९६(२) मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हे का महत्त्वाचं? कारण फक्त ११५(२), ३५१ आणि ३५२, म्हणजे साधी मारहाण, धमकी आणि शिवीगाळ, एवढंच लिहिलं की ठाण्यात "एनसी" फाडून हातात देतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच होत नाही. वरच्या यादीतलं ३०० कलम दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितलंय. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. हद्दीचा वाद घातला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: हद्द न बघता नोंद करावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करा. नाकारलंच तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, तिथेही काही झालं नाही तर १७३(४) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

जखमी माणसाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि "मारहाण झाली" असं स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी, दवाखान्यातली पोलीस-केसची नोंद, होते. भिडेपोटी "पडलो" म्हणाल तर तेच केसपेपरवर राहतं.

व्हिडिओ ज्या मोबाईलमध्ये काढला त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या प्रतीचा दर्जा घसरतो आणि मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पेन ड्राइव्हवर प्रत काढा आणि वकिलाकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र तयार करून घ्या. त्याशिवाय चित्रण पुराव्यात येत नाही. ठाण्यात दमदाटी झाली असेल तर तिथल्या सीसीटीव्हीचं त्या तारखेचं, त्या वेळेचं फुटेज जपून ठेवावं असा लेखी अर्ज आठवड्याच्या आत द्या.

मार खाणारा आदिवासी असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही बघा. ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. जात वैधता प्रमाणपत्राची प्रत याचसाठी फाईलमध्ये हवी.

इमारत आणि जमीन

नवापूर, साक्री, पेठ, सुरगाणा अशा भागांतली कितीतरी चर्च सभासदाच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर उभी आहेत, आणि बांधकामाचा एकही कागद नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ चं बंधन आहे. म्हणून घाईघाईने ट्रस्टच्या नावे बक्षीसपत्र करू नका. एक अडचण सोडवताना दुसरी, मोठी उभी राहील. बिनशेती आणि बांधकाम परवानगी नियमित करता येते का, ते आधी बघा. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नोंद, वापर काय लिहिलाय, तेही तपासा.

जागा रस्ता, पदपथ, नदीपात्र किंवा सरकारी जमिनीत येत असेल तर स्पष्ट बोलायला हवं: तिथे बचाव फार थोडा आहे. सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला दिला, आणि तो सगळ्या धर्मांना आहे. जागा खासगी असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल हाताशी ठेवा. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, मग सुनावणी, मग कारणांसह आदेश, आणि त्यानंतर आणखी १५ दिवस. नोटीस आली की पाकीट टाकून देऊ नका, त्यावरची पोस्टाची तारीख पुरावा आहे. चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह काढा. उत्तर मुदतीच्या आत, आवक शिक्क्यासह.

ट्रस्ट आणि पैसा

जुन्या मिशनच्या ट्रस्टची परिशिष्ट-१ ची, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टच्या नोंदीची, नक्कल काढून बघा. कितीतरी ठिकाणी वीस वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त अजून कागदावर जिवंत आहेत, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ चा बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, ९० दिवसांत भरलाच नाही. अशा ट्रस्टच्या वतीने न्यायालयात सही कोण करणार, हा प्रश्न ऐन संकटात उभा राहतो. ते काम आजच सुरू करा, धर्मादाय आयुक्तांकडे वेळ लागतो.

परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा केंद्राचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही नको, पाळकाच्या वैयक्तिक खात्यात तर नाहीच. नोंदणी असेल तर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे आणि वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. नूतनीकरणाला मुदत संपण्याच्या चार महिने आधी अर्ज करा. २५ डिसेंबर २०२१ ला मिशनरीज ऑफ चॅरिटीसारख्या जगप्रसिद्ध संस्थेचं नूतनीकरण नाकारलं गेलं आणि जानेवारीत परत मिळालं. लहान संस्थेकडे तेवढा आवाज नसतो.

दाखला, बाप्तिस्मा आणि राज्याची सीमा

१९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. यात दलित ख्रिस्ती माणसावर अन्याय आहे हे आमचं ठाम मत आहे आणि त्यासाठी न्यायालयात लढा चालू आहे. पण आज कायदा तसा आहे, आणि २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी धर्म लपवण्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं. म्हणून "बाप्तिस्मा घे, दाखल्यावर काही सांगू नको" असा सल्ला पाळकाने देऊ नये. नोकरी, वसतिगृह, शिष्यवृत्ती काय जाऊ शकतं ते आधी समोर बसवून सांगावं, आणि निर्णय त्या माणसावर सोडावा.

सीमेपलीकडे जाताना नियम बदलतात. मध्य प्रदेशात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. गुजरातेत विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. दोन्हीकडे बळ किंवा आमिष नव्हतं हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं. नवापूरच्या पाळकाने पलीकडच्या उच्छलला जाऊन बाप्तिस्मा देणं म्हणजे दुसऱ्या कायद्याखाली जाणं आहे. तक्रार कोण करू शकतं हेही बघा: १७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रयागराजच्या कृषी विद्यापीठाशी संबंधित गुन्हे रद्द केले, त्यात त्रयस्थाची तक्रार हा एक मुद्दा होता, पण उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये कायदा बदलून तक्रारीचा हक्क कुणालाही दिला.

तरुण मुलामुलींना घेऊन प्रवास करताना जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन धर्मभगिनींना झालेली अटक लक्षात ठेवा. सोबत आदिवासी तरुणी होत्या, त्या प्रौढ होत्या, तरी जामिनाला आठवडा गेला. प्रत्येकाच्या आधारची प्रत, वयाचा पुरावा, घरच्यांचं संमतीपत्र, कुठे आणि कशासाठी चाललोय याचं पत्र आणि तिथल्या माणसाचा नंबर हे सगळं एका पाकिटात, आणि ज्याची कागदपत्रं त्याच्याच हातात. सगळ्यांचे आधार एकाच्याच पिशवीत सापडले की तेच मानवी तस्करीच्या संशयाला पुरतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास ठेवा. दारावर कोण, फोनवर कोण, चित्रणाला कोण ते ठरवा, मागच्या दाराची किल्ली दाखवा, वकिलाचा नंबर प्रत्येकाला मोबाईलमध्येच नव्हे तर कागदावरही लिहून द्या, कारण मोबाईल सगळ्यात आधी जप्त होतो.